बिलावरचा नंबर

उदगीरला, चौबाऱ्याच्या उतारावर, हुडगे मेडिकल.
काउंटरच्या आतल्या बाजूला मी, अकरा वर्षं.
कुणाला साखर, कुणाला मूळव्याध,
कुणाचा दम दिवाळीच्या धुराआधीच सुरू होतो,
सगळं माझ्या बोटांना पाठ.
तोंडाला नाही.

हुडगे काकांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
महानंदा, गोळीचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही.
चिठ्ठी वाचायची, फळीकडं वळायचं,
कागदी पुडीत घालून पुडीचं तोंड दुमडायचं,
मागं कोण उभंय ते बघायचं
आणि मग पैसे सांगायचे.
हा कायदा कुठं छापलेला नव्हता.

मग हैदराबादहून एकजण आला, कडक इस्त्रीचा.
सॉफ्टवेअर फुकट, प्रिंटर फुकट,
फक्त प्रत्येक बिलावर मोबाईल नंबर टाकायचा.
काका म्हणाले, कामून?
तो म्हणाला, सेवेसाठी.
काकांनी चष्मा पुसला. प्रिंटर चांगला होता.

त्याच महिन्यात व्यापारी संघाची बैठक, आमच्याच माडीवर.
दिल्लीत गिऱ्हाइकाच्या माहितीचा कायदा व्हायलाय म्हणे,
आपलं म्हणणं लेखी कळवा.
किराणावाले बिराजदार म्हणाले,
आणखी एक रजिस्टर, आणखी एक इन्स्पेक्टर.
कापडवाले सोमाणी म्हणाले,
ज्यानं काही केलं नाही त्याला लपवायचंय काय?
परवाच त्यांनी नेलेली ट्यूब मला आठवली.
मी त्यांच्यापुढं चहा ठेवला.
वकील इनामदार म्हणाले, संमती घेतली की झालं,
खाली एक चौकोन, त्यात एक खूण.

"मावशी, नंबर?"
एवढंच तर मी म्हणते,
आणि मावशी सांगते,
कंडक्टरला गाव सांगावं तसं.
बहुतेकींचा तो स्वतःचा नसतोच.
घरात एकच फोन, नवऱ्याचा, नाहीतर दिराचा.

तोंडारची अनसूया दिराचाच सांगायची.
फिटची गोळी, दर तीस दिवसांनी,
माहेरापासून चाललेली,
सासरी तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल पुरलेली.
एकोणतिसाव्या दिवशी मेसेज गेला.
तो कुणी पाठवत नाही, आपोआप जातो.
गोळीचं नाव, कशावरची, किती उरल्या, दहा टक्के सूट,
आणि वर, नमस्कार अनसूयाजी.
शुद्ध मराठीत होता.
पुतण्यानं ओसरीत अक्षर न् अक्षर लावून वाचला.
दुसरीतलं पोर, वाचायची हौस,
सगळे कौतुकानं ऐकत बसलेले.

हे मला तिच्या आईनं सांगितलं.
भांडली नाही. काउंटरची काच पदरानं पुसत म्हणाली,
"बाई, तुमची पुडी तर मुकी होती की.
मग बोललं कोण?"

मी की-बोर्डकडं बघितलं.
नऊचं बटण सगळ्यात जास्त झिजलंय.

संघाचं पत्र दिल्लीला गेलं. टाईप मीच केलं.
'ग्राहक' हा शब्द त्यात सतरा वेळा.
कायदा होईल तेव्हा होईल,
कलमं असतील, दंडाचे आकडे असतील,
एखादं कलम खरंच तिच्या बाजूचं असेल.
मी नको कशाला म्हणू?
पण तोंडारला दिवसातून दोनच एसट्या जातात,
आणि मेसेजला एसटी लागत नाही.

तवापासून मी सगळ्यांच्या बिलावर
दुकानाचाच नंबर टाकते.
काकांना दिसतं. ते चष्मा पुसतात.
गल्ल्यात चिल्लरीवर पडलेला फोन दिवसभर थरथरतो,
नमस्कार, नमस्कार, नमस्कार.
परवा हैदराबादहून फोन आला,
मॅडम, तुमच्याकडं एकाच गिऱ्हाइकाला
दमा, साखर, मूळव्याध, आणि तिसरा महिना?
म्हणलं, हो.
लई आजारी हाय ते गिऱ्हाईक. जपावं लागतंय.

अनसूया आता बिदर रोडच्या दुकानात जाते, असं कुणी म्हणालं.
कुणी म्हणालं, गोळीच बंद केली तिच्या घरच्यांनी.
तिची पट्टी मी खालच्या फळीवर मागं सरकवून ठेवलीये,
पुडीत घालून,
तोंड दुमडून.